अभ्यासाची गोळी

मध्यंतरी, गणपतीच्या दिवसांत, आमच्या एका माजी विद्यार्थ्याची आई आमच्यापैकी एकाच्या घरी आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा तीन वर्षांपूर्वी आमच्याकडूनच मराठी विषय घेऊन बी.ए. झाला आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याला गेला. सणासाठी तो घरी आला होता. माउली ओटीवर टेकली आणि म्हणाली, "सर, झिल माझो पुण्यासून इल्यापासून झोपाक नाय. जेवकय धड बसणा नाय. अभ्यास करता म्हणान आमी काय बोलाक नाय. पण आरतीक हुबो ऱ्हवलो तेवा हात थरथरत होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला बोलावून घेतले. तो आला. डोळे खोल गेलेले, बोलणे मात्र भरभर, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारणारे. बराच वेळ इकडचे तिकडचे झाल्यावर त्याने स्वतःहूनच खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. अनावर झोपेच्या विकारावर डॉक्टर जी गोळी देतात, ती ही गोळी. त्याला तो विकार नव्हता, कोणत्याही डॉक्टरने त्याला तपासले नव्हते. अभ्यासिकेतल्या शेजारच्या मुलाने पहिली पट्टी दिली, पुढच्या त्याने स्वतः मिळवल्या. "सर, हे नशेचं नाही," तो म्हणाला, "हे अभ्यासाचं आहे. बाबांना तेवढं सांगू नका."

'नशेचं नाही, अभ्यासाचं आहे' या वाक्याने आम्हाला गेली दोन वर्षे अस्वस्थ केले आहे. आम्ही भाषा शिकवणारी माणसे. शब्दांच्या आडोशाला माणूस काय काय लपवतो, हे वाचण्याची आम्हाला सवय आहे. पण या वाक्यात तो मुलगा काही लपवीत नव्हता. त्याला ते मनापासून पटलेले होते. ते त्याला कोणी पटवून दिले, याचा शोध घेऊ लागल्यावर आम्हाला स्वतःकडेही पाहावे लागले. हा लेख त्या शोधाचा आहे.

महाराष्ट्रात अमली पदार्थांची चर्चा होते ती छाप्यांच्या निमित्ताने. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला, तेव्हा अग्रलेख आले, महाविद्यालयांतून शपथा झाल्या. आमच्याकडेही झाली. ती शपथ त्या मुलासारखाच एखादा विद्यार्थी खणखणीत आवाजात घेऊ शकला असता, आणि ती घेताना त्याला आपल्या खिशातल्या पट्टीची आठवणही झाली नसती. कारण आमच्या सगळ्या प्रबोधनात व्यसनी मुलगा म्हणजे अभ्यास सोडलेला, वाया गेलेला मुलगा. अभ्यास करण्यासाठीच गोळी घेणारा, आईवडिलांच्या पैशाचे चीज व्हावे म्हणून झोप मोडणारा गुणी मुलगा त्या चित्रात कुठेच बसत नाही.

वस्तुतः ही गोष्ट मुळीच नवी नाही. ॲम्फेटामिन हे रसायन १८८७ मध्ये तयार झाले. १९३० च्या दशकात ते औषध म्हणून बाजारात आले आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांतले विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री ते घेऊ लागले. युद्धकाळात जर्मनीने आपल्या सैनिकांना याच जातीची गोळी वाटली. युद्धानंतरच्या जपानमध्ये 'हिरोपोन' या नावाने तेच द्रव्य दुकानांत सहज मिळे, रात्रपाळीचे कामगार आणि परीक्षार्थी ते घेत, आणि शेवटी १९५१ मध्ये खास कायदा करून ते बंद करावे लागले. रिटालिन या नावाने जगभर माहीत असलेले मेथिलफेनिडेट १९४४ मध्ये एका स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. पुढे अवधान टिकत नाही अशा मुलांच्या उपचारात ते स्थिरावले. मोडाफिनिल हे त्यामानाने अलीकडचे. फ्रान्समध्ये १९९४ च्या आणि अमेरिकेत १९९८ च्या सुमारास त्याला मान्यता मिळाली, तीही झोपेच्या विकारांसाठी.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. मेथिलफेनिडेट हे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारे द्रव्य आहे. औषधविषयक नियमांच्या 'एक्स' या परिशिष्टातही ते आहे. म्हणजे डॉक्टरने चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची आणि औषधविक्रेत्याने त्यातली एक दोन वर्षे जपून ठेवायची. मोडाफिनिलवर इतका कडक पहारा नाही, पण चिठ्ठीवाचून तेही विकता येत नाही. तरीही ते विनाचिठ्ठी हाती पडते. ते कसे, हे सांगण्याचे हे ठिकाण नव्हे. आपल्या गावात चिठ्ठीवाचून काय काय मिळते, ते वाचकांना ठाऊक आहेच.

आता गोळी घेणाऱ्याच्या बाजूने जे बोलले जाते ते ऐकून घेऊ. तसे न करता निषेध करणे सोपे असते, पण विद्यार्थी असल्या निषेधाकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

पहिला मुद्दा असा, की बुद्धी वाढवणारे काही घ्यावे ही इच्छा आपल्या परंपरेतच आहे. चरकाने मेध्य रसायने म्हणून मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही चार सांगितली आहेत. वेखंडाचे वेढे मधात उगाळून तान्ह्या बाळाला चाटवणाऱ्या आज्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. दहावीचे वर्ष आले की स्मरणशक्तीच्या सरबतांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत झळकू लागतात, आणि त्या घेऊ नका असे कोणी म्हणत नाही. रात्री थर्मासभर चहा करून मुलाच्या टेबलावर ठेवणाऱ्या आया तर घरोघरी आहेत. मग चहा चालतो आणि गोळी का चालत नाही?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. चहाही मेंदूला जागवतोच. फरक आहे तो मात्रेचा, जोखमीचा आणि देखरेखीचा. मेथिलफेनिडेटने नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, भूक मरते, झोप उडते, चिंता वाढते. काही जणांत त्याचे अवलंबित्व जडते, क्वचित भास आणि संशयापर्यंत मजल जाते. ज्याच्या हृदयात जन्मतःच काही दोष आहे पण तो कधी तपासलाच गेलेला नाही, अशा मुलाला तर धोका कळायलाही मार्ग नसतो. मोडाफिनिलने डोके दुखते, झोपेचे चक्र बिघडते, क्वचित त्वचेवर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया उमटते. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही त्याने उणावतो, आणि ही गोष्ट अभ्यासिकेतल्या मैत्रिणीकडून गोळी घेणाऱ्या मुलीला कोणी सांगत नाही. डॉक्टर या औषधांची मात्रा ठरवतो, वाढवतो, थांबवतो, मध्ये तपासतो. शेजारच्या बाकावरचा मित्र यातले काहीच करू शकत नाही. आजीच्या वेखंडालाही आजीचा हात असे, हे विसरता कामा नये.

दुसरा मुद्दा उपयोगाचा. 'पण सर, फायदा होतो ना?' होतो का? २०१५ मध्ये निरोगी माणसांवरच्या मोडाफिनिलच्या चोवीस अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीच्या कामात अवधान आणि नियोजन काहीसे सुधारते, असे त्यात आढळले. स्मरणशक्तीबाबत मात्र असे काही ठामपणे हाती लागले नाही. २०२३ मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. चाळीस निरोगी तरुणांना त्यांनी एक कोडे घातले: ठरावीक वजनाच्या पिशवीत कोणत्या वस्तू भरल्या म्हणजे एकूण मोल सर्वांत जास्त होईल? मुंबईला निघालेल्या चाकरमान्याला दरवर्षी पडणारेच हे कोडे! कधी नुसती फसवी गोळी, कधी खरे औषध देऊन त्यांनी तुलना केली. औषध घेतल्यावर तरुणांनी वेळ जास्त घातला, वस्तू जास्त वेळा आतबाहेर केल्या, पण त्यांच्या प्रयत्नांचा दर्जा घसरला. जे एरवी सरासरीहून चांगले होते, त्यांतले बरेचसे औषधानंतर सरासरीखाली गेले.

म्हणजे कष्ट वाढतात, पण कष्टांचे शहाणपण वाढत नाही. आमच्या विद्यार्थ्याचे अनुभवही नेमके तसेच होते. तो रोज चौदा तास बसे, वह्याच्या वह्या भरे, एकच टिपण तीन रंगांच्या शायांनी पुन्हा लिहून काढी. परीक्षागृहात मात्र दोन पर्यायांतला कोणता बरोबर हे ठरवण्याची वेळ आली की मन घट्ट होऊन बसे. आणि वाचलेले पक्के होते ते झोपेत, हे तर आता शरीरशास्त्राचे विद्यार्थीही शिकतात. झोप विकून अभ्यास विकत घेणारा पेरलेले उगवण्याच्या आधीच उकरून काढतो.

अर्थात उलट उदाहरणेही आहेत. पॉल एर्डॉश हा विसाव्या शतकातला थोर गणिती आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे ॲम्फेटामिन घेत असे. १९७९ मध्ये त्याच्या मित्राने, रोनाल्ड ग्रॅहम याने, महिनाभर सोडून दाखव म्हणून पाचशे डॉलरची पैज लावली. एर्डॉशने ती जिंकली, आणि वर तक्रार केली की या महिन्यात आपल्या हातून काही झाले नाही, गणित महिनाभर मागे पडले. ही गोष्ट मुले एकमेकांना सांगतात. पण एर्डॉश तेव्हा सासष्ट वर्षांचा होता, गणिती म्हणून त्याचे नाव गोळीच्या कितीतरी आधी झाले होते, आणि गोळी सोडल्यावर कोरा कागद नुसता कोरा दिसू लागला हे त्याचे गाऱ्हाणे आम्हाला तरी सामर्थ्याचे लक्षण वाटत नाही.

तिसरा मुद्दा स्वातंत्र्याचा: माझे शरीर, माझी परीक्षा, तुमचा काय संबंध? हा मुद्दा आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याचे उत्तर आम्हाला एका जुन्या पाहणीत सापडले. २००८ मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाने आपल्या वाचकांना याविषयी विचारले. चौदाशे लोकांनी उत्तरे पाठवली. आपण अवधान वा स्मृतीसाठी वैद्यकीय कारणाशिवाय औषध घेतले आहे, असे पाचांतल्या एकाने सांगितले. (उत्तरे आपखुशीने आलेली, तेव्हा हा आकडा साऱ्या जगाचा मानू नये.) त्यांतली आणखी एक नोंद मात्र आम्हाला अधिक बोलकी वाटते. शाळेतली इतर मुले अशी औषधे घेतात असे कळले तर आपल्या मुलालाही ती देण्याचे दडपण आपल्यावर येईल, असे सुमारे एक तृतीयांश लोकांनी मान्य केले. म्हणजे एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याची सक्ती होते, ते असे. अभ्यासिकेत दहांपैकी तिघे पहाटे चारपर्यंत ताजेतवाने बसलेले दिसले, की उरलेल्या सातांना आपली साधी, निसर्गदत्त झोपसुद्धा आळस वाटू लागते. आमच्या विद्यार्थ्याने गोळी निवडली असे म्हणणे म्हणूनच आम्हाला जड जाते. तो शेवटी उरलेल्यांपैकी होता.

मग ही कॉपी आहे का? आपल्या राज्यात परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे, २०२४ मध्ये केंद्राचाही आला. त्यांत गोळीचा विचार नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये, चिठ्ठीवाचून असे औषध घेऊन अभ्यासात सरशी साधणे हा शैक्षणिक अप्रामाणिकपणा आहे, असा नियम केला. आपल्याकडे पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत उमेदवारांनी उत्तेजके घेतल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा धावणाऱ्यांच्या तपासण्या करा अशी मागणी झाली. उद्या कोणी परीक्षागृहाच्या दाराशी लघवीच्या बाटल्या घेऊन उभे राहा म्हणेल.

आमच्यात याबाबत मतभेद झाले, ते नोंदवतो. एका सहकाऱ्याचे म्हणणे, ही फसवणूकच आहे: जो न घेता बसला त्याच्यावर अन्याय होतो. दुसऱ्याचे म्हणणे, मग महागडा क्लास लावणारा आणि न लावणारा यांत कोणता न्याय आहे? बराच वाद झाल्यावर आम्ही येथवर आलो, की अन्याय आहे, पण 'कॉपी' हा शब्द त्याला लावणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. कॉपी करणारा दुसऱ्याचे उत्तर स्वतःचे म्हणून देतो. गोळी घेणारा उत्तर स्वतःचेच देतो, फक्त ते स्वतःच्या शरीरातून उसने काढून देतो. ज्याच्याकडून कर्ज घेतले आणि जो ते बुडवणार, तो एकच. त्याला आरोपी करून पिंजऱ्यात उभे केले की कर्ज घ्यायला लावणारा बाजार नामानिराळा राहतो.

तो बाजार कसा आहे, हे आकड्यांत पाहू. २०२४ च्या 'नीट' परीक्षेला देशभरातून तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा तेव्हा सुमारे एक लाख आठ हजार, त्यांतल्या सरकारी तर निम्म्याच्या आसपास. त्याच वर्षी पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत पोहोचले आणि तिथल्या शिक्षकांना अटक झाली. राज्यसेवेच्या परीक्षेत तर काही लाख अर्ज आणि काहीशे जागा, हे गणित नेहमीचेच. आमच्या कोकणाची कथा याहून थोडी वेगळी, आणि थोडी अधिक करुण आहे. कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये वेगळे झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात ते राज्यात सतत पहिले येते. २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, बारावीचा ९७.५१ टक्के. वर्तमानपत्रे दरवर्षी 'कोकणच अव्वल' असा मथळा देतात, सत्कार होतात, आणि मग हीच अव्वल मुले पुण्यात, कोल्हापुरात, लातुरात जाऊन पहिल्या सराव परीक्षेत तळाशी बसतात. आयुष्यात प्रथमच आपण मंद आहोत असे त्यांना वाटू लागते. गोळी त्यांना याच वळणावर भेटते. बुद्धी वाढवण्यासाठी ती थोडेच घेतात! आपण मंद नाही, हे स्वतःला पटवण्यासाठी घेतात.

देवगडात राहून या विषयावर लिहिताना कल्टारची आठवण न होणे अशक्य आहे. हापूस एक वर्ष भरभरून धरतो, दुसऱ्या वर्षी विसावा घेतो. ती त्या झाडाची रीतच आहे. दरवर्षी मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, कलमाच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल घालतात. बाजारातले त्याचे नाव कल्टार. त्याने झाडाची पालवी धरून ठेवली जाते आणि वाढीची शक्ती मोहोराकडे वळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने याची शिफारस केली ती पूर्ण मापजोख करून: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या प्रत्येक मीटरला तीन मिलिलिटर, तेही फक्त पूर्ण वाढलेल्या, निरोगी झाडाला, आणि सोबत खतपाणी पुरेपूर. या मापात राहून बागा सांभाळणारे बागायतदार आमच्या ओळखीचे आहेत. तेव्हा कल्टार म्हणजे विष, असे आम्हाला म्हणायचे नाही.

बिघडते ते दुसरीकडे. बाग कराराने दिलेली असते. करार दोन-तीन वर्षांचा. घेणाऱ्याला त्या मुदतीत पैसे वसूल करायचे असतात, झाडाचे पुढे काय होते याची चिंता त्याने का करावी? मग माप सुटते, खत राहून जाते. पहिली दोन वर्षे कलम लगडते. नंतर पाने बारीक होतात, फुटवे आखूड येतात, डहाळ्या सुकू लागतात. करार संपतो, आणि थकलेले झाड मालकाच्या पदरात पडते.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी मुलाच्या पुण्याच्या खर्चासाठी आपली वीस कलमे तीन वर्षांच्या कराराने दिली होती. हे आम्हाला नंतर कळले. 'बाबांना सांगू नका' या विनवणीचा अर्थही तेव्हाच कळला.

आमच्या मते या प्रश्नाचे नैतिक मूळ येथे आहे. गोळी चांगली की वाईट, हा प्रश्न दुय्यम. मुलाचे शरीर, त्याची झोप, त्याची पंचविशीनंतरची पन्नास वर्षे कोणाच्या मालकीची, आणि ती कराराने कोणी घेतली आहेत, हा पहिला प्रश्न. क्लासला यंदाच्या निकालाची जाहिरात हवी असते, महाविद्यालयाला गुणवत्ता यादी हवी असते, नातेवाइकांना पेढे हवे असतात. या सगळ्यांचे करार छोट्या मुदतीचे आहेत. मुदतीनंतर झाडाजवळ राहणारी माणसे दोनच: तो स्वतः आणि त्याचे घर.

आणि आम्ही? आम्ही शिक्षक या करारात कुठे आहोत? प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याला तिथवर नेणाऱ्यांत आम्हीही होतो. वर्गात आम्ही कोणत्या गोष्टी सांगतो? रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचणाऱ्यांच्या, पहाटे दोनला उठणाऱ्यांच्या, शेंडी खुंटीला बांधणाऱ्यांच्या. 'रात्रीचा दिवस करणे' हा वाक्प्रचार आम्ही किती कौतुकाने शिकवला आहे! जागरणाला आम्ही तपश्चर्येचा दर्जा दिला. ज्यांच्याकडे दिवा नव्हता, खोली नव्हती, त्यांचे रात्री वाचणे ही त्यांच्यावरची सक्ती होती. आम्ही तिचा आदर्श केला आणि ज्यांना दिवसाही वाचता येते त्यांच्यासमोर ठेवला. याच कोकणात जन्मलेल्या टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष तब्येत कमावण्यात घालवले आणि त्यापायी परीक्षेत नापास होणे पत्करले, ही गोष्ट आम्ही सांगतो ती गंमत म्हणून, धडा म्हणून नव्हे.

खरे तर 'अभ्यास' या शब्दातच उत्तर आहे. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. त्यात काळ गृहीत आहे, सावकाशी गृहीत आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात, ज्यावर ज्ञानदेवांनी इतके रसाळ निरूपण केले, अभ्यासाची जोडी वैराग्याशी घातली आहे, आणि त्याच अध्यायात अति जागणाऱ्याला योग साधत नाही असेही स्पष्ट म्हटले आहे. आम्ही हे वर्षानुवर्षे शिकवले, आणि सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गात विचारले, "काल रात्री किती वाजेपर्यंत बसलात?" बाराचा आकडा सांगणाऱ्याकडे आम्ही कसे पाहिले असेल?

एक इशारा मात्र द्यायला हवा. या विषयावर लिहिले की सर्व गोळ्यांवर राग निघतो, आणि तो ज्यांना त्यांची खरोखर गरज आहे अशा मुलांवर कोसळतो. अवधानाचा विकार ही खरी गोष्ट आहे. ज्यांना तो आहे त्यांच्यासाठी डॉक्टरच्या देखरेखीखालचे औषध म्हणजे चष्म्यासारखे साधन आहे, आणि ते घेताना त्यांना लाजावे लागू नये. आमच्या वर्गात अशी एक विद्यार्थिनी होती. तिला कित्येक वर्षे 'उडाणटप्पू' म्हणून हिणवले गेले. चोरून गोळी घेणाऱ्यांमुळे तिच्यासारख्यांकडे संशयाने पाहिले जाते, औषधविक्रेते कुरकुरतात, घरचे लोक औषध बंद करून टाकतात. उसन्या गोळीचा हा बळी कोणी मोजत नाही.

काय करावे? आमच्याकडे मोठा कार्यक्रम नाही. झडत्या घेणे, पोलिसांना बोलावणे याने मुले फक्त अधिक गुपचूप होतील. जे आम्ही करू लागलो आहोत ते सांगतो. पालकसभेत गुणांच्या आधी आम्ही झोपेविषयी विचारतो. वर्गात या औषधांची नावे न बिचकता घेतो, त्यांनी काय होते आणि काय होत नाही ते सांगतो. बाहेर शिकायला गेलेल्या मुलांना शिमग्याला आणि गणपतीला मुद्दाम भेटतो, आणि निकालाखेरीज दुसरे काहीतरी विचारतो. ज्याने गोळी सुरू केली आहे त्याला रागावत नाही. ती परस्पर बंद करण्याऐवजी आधी डॉक्टरला खरे सांग, असे सुचवतो. २०२२ पासून सुरू झालेली सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, तो क्रमांक आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. हे पुरेसे नाही, याची जाणीव आहे. जागा आणि उमेदवार यांचे व्यस्त प्रमाण फळ्यावर लिहून सुटत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही त्याच्या वडिलांना सांगितले नाही, पण त्यानेच सांगावे असा आग्रह धरला. त्याला आठ दिवस लागले. तो मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, सोबत आई होती. झोप परत यायला काही महिने गेले. त्या वर्षीची पूर्वपरीक्षा त्याने दिली नाही. पुढच्या वर्षी दिली, आणि तो उत्तीर्ण झाला नाही. गोष्ट गोड व्हावी म्हणून आम्ही हे लपवू शकलो असतो. पण गोळी सोडली की यश मिळते, असे सांगणे हीदेखील एक गोळीच ठरली असती. तो आता गावातच एका पतसंस्थेत काम करतो, संध्याकाळी मुलांना शिकवतो, आणि आणखी एकदा परीक्षेला बसणार आहे.

कराराची मुदत यंदा संपली. परवा त्याचे वडील वाटेत भेटले. पुन्हा कोणाला बाग देणार का, असे आम्ही सहज विचारले. ते म्हणाले, "नाय सर. औंदा मोहोर इलो नाय तरी चलात. झाडाक जरा पालवी फुटांदे." ते कलमांविषयीच बोलत होते. आम्ही मान डोलावली आणि वर्गाकडे निघालो.